पास कुणाचा, बास्केट कुणाची?

एकीच्या नावावर ३,२३४ असिस्ट आणि दुसरीच्या नावावर १०,६४६ गुण. अमेरिकेत महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग आहे, डब्ल्यूएनबीए. या दोघी खेळायच्या थांबल्या तेव्हा त्या लीगमध्ये हे दोन्ही आकडे सगळ्यांत वरचे होते. पहिली स्यू बर्ड, दुसरी डायना टॉरासी. दोघीही गार्ड. दोघी एकाच कॉलेजात शिकल्या, देशाच्या संघातून बरोबरीने पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकल्या, रशियात एका घरात राहिल्या आणि आपल्या देशात मात्र वर्षानुवर्षं एकमेकींविरुद्ध खेळल्या. मग तुलना होणारच की! दोन जावा एका घरात आल्या तरी होते, इथे तर आख्खा देश बघत होता.

ज्या मैत्रिणी खेळाचं पान थेट भाजी निवडायला अंथरतात त्यांच्यासाठी थोडं सांगते. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका वेळी पाच जणी. उंच असतात त्या बास्केटजवळ, म्हणजे सेंटर आणि फॉरवर्ड. त्यातल्या त्यात बुटक्या, चपळ आणि चेंडू हाताळण्यात तरबेज असतात त्या गार्ड. (बुटक्या म्हणजे तिथल्या मानाने हं! बर्ड पाच फूट नऊ इंच आहे आणि टॉरासी सहा फूट.) गार्डमध्ये पुन्हा दोन प्रकार. पॉइंट गार्ड चेंडू घेऊन पुढे जाते, कोणती चाल खेळायची ते बोटांनी खुणावते आणि २४ सेकंदांच्या आत कुणाच्या तरी हातून चेंडू बास्केटकडे जाईल अशी व्यवस्था लावते. शूटिंग गार्डचं काम नावातच आहे. चेंडू हातात आला की टाक! कमानीच्या बाहेरून टाकला तर तीन गुण, आतून टाकला तर दोन. आणि ज्या पासवर लगेच बास्केट होते, तो पास देणारीच्या नावावर एक असिस्ट लागतो.

आता पंगतीत वाढणाऱ्या बायका आठवून बघा. काही जणी आमटीचं भांडं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत सुटतात, समोरच्याच्या पानात भात आहे की नाही हेसुद्धा न बघता आमटी ओततात. एखादीच अशी असते की कुणाचं पान रिकामं होत आलंय, कुणाला गोड चालत नाही, कुणी लाजून मागत नाही, हे तिला मान वर न करता कळतं. स्यू बर्ड या दुसऱ्या जातीची. तिचा हुकमी डाव म्हणजे ‘पिक अँड रोल’. आपली एक उंच खेळाडू प्रतिस्पर्धी मुलीच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते, बर्ड त्या भिंतीला घासून पलीकडे जाते, आणि आता समोरच्या दोघींना ठरवावं लागतं की हिला अडवायचं की भिंत सोडून बास्केटकडे धावलेल्या त्या उंच मुलीला. त्यांचं ठरेपर्यंत अर्धा सेकंद जातो. त्या अर्ध्या सेकंदात बर्डचं ठरलेलं असतं. दोघी तिच्या अंगावर आल्या तर चेंडू उंच मुलीकडे, दोघी मागे गेल्या तर स्वतःच जागेवर उडी मारून टाकायचा, आणि तिसरी कुणी मदतीला धावली तर तिने मोकळी सोडलेली कोपऱ्यातली मुलगी बर्डला दिसलेली असतेच. यात धावणं फार नाही, उडी तर नाहीच. म्हणून तर ती बाई ४१ वर्षांची होईपर्यंत खेळली.

टॉरासीचं सगळंच वेगळं. वडील जन्माने इटालियन पण अर्जेंटिनात वाढलेले, आई अर्जेंटिनाची, आणि पोरगी वाढली कॅलिफोर्नियातल्या चिनो गावात. खमकी, फटकळ, रेफरीशी हुज्जत घालणारी. गैरवर्तनाबद्दल जे ‘टेक्निकल फाउल’ देतात, त्यांतही लीगच्या इतिहासात हिचाच पहिला नंबर! २०१३ साली एका चुरशीच्या सामन्यात सीमोन ऑगस्टस अगदी नाकासमोर येऊन तिला अडवत होती, तर हिने सरळ तिच्या गालाचा मुका घेतला. रेफरीने दोघींना फाउल दिला. पण चेंडू हातात आला की हा सगळा उनाडपणा संपायचा. कमानीपासून दोन पावलं मागे, तोल गेलेला, अंगावर एक जण लटकलेली, अशा अवस्थेत तिचा चेंडू जाळीत पडायचा. तीन गुणांच्या बास्केट तिने १,४४७ केल्या. आणि ती नुसती टाकणारी होती असंही नाही. दर सामन्याला सरासरी चार असिस्टही तिच्या नावावर आहेत. समोरच्या संघाच्या दोन-दोन मुली तिच्यावर पहारा ठेवायच्या, म्हणजे कुणीतरी मोकळी सुटायचीच. तिला फक्त चेंडू तिकडे सोडायचा असे.

या विषयात मी एवढी का शिरतेय, असं वाटेल. त्याचं कारण सांगते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सांगलीला कॉलेजात असताना मी बास्केटबॉल खेळत असे. सिमेंटचं मैदान, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि ‘चड्डी घालून पोरी नाचतात’ म्हणून कुंपणापाशी गोळा झालेली गर्दी. मी पॉइंट गार्ड. माझी जिवलग मैत्रीण शूटर. मी पास द्यायचा, तिने टाकायचा. आम्ही एकमेकींकडे बघतसुद्धा नसू, इतकं ते हातात बसलं होतं. आमच्या स्कोअरशीटवर दोनच गोष्टी लिहीत, गुण आणि फाउल. असिस्टला रकानाच नव्हता. (अधिकृत स्कोअरशीटवर तो आजही नाही. असिस्ट मोजणारी माणसं वेगळी बसतात, आणि ती फक्त मोठ्या सामन्यांना असतात.) त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या तर त्यात ‘हिने १८ गुण करून विजयात मोलाचा वाटा उचलला’ एवढंच. पुढे एका मोठ्या कंपनीत खेळाडू म्हणून मुलींची भरती निघाली. दोघींनी अर्ज केले. मुलाखतीला कात्रणांची फाइल न्यायची होती. तिची फाइल जाडजूड, माझ्या फाइलमध्ये संघाचा एक ग्रुप फोटो. तिला नोकरी लागली. ती मुंबईला गेली, खेळली, बढती घेत घेत निवृत्त झाली, पेन्शन खातेय. माझं लग्न झालं. तिच्यावर माझा काडीचाही राग नाही, आजही आठवड्यातून दोनदा आमचा फोन असतो. पण ‘गार्डचं मोल कसं करायचं’ हा प्रश्न माझ्यासाठी गंमतीचा नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

तर बर्ड आणि टॉरासी. दोघींची गाठ पडली कनेटिकट विद्यापीठात. बर्ड १९९८ साली तिथे आली आणि पहिल्याच वर्षी गुडघा दुखावून बसली. टॉरासी आली २००० साली. मार्च २००१ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाशी झालेल्या एका अंतिम सामन्यात बर्डने शेवटच्या क्षणी, घड्याळ संपता संपता बास्केट टाकून कनेटिकटला जिंकून दिलं. त्यानंतर काही दिवसांतच राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर आला, आणि टॉरासीने १५ वेळा चेंडू टाकला त्यातला एकच जाळीत गेला! संघ हरला. दुसरी एखादी अठरा वर्षांची पोर यानंतर चार महिने पास देत बसली असती. ही पुढच्या वर्षी पहिल्यासारखीच टाकत राहिली. २००१-०२ च्या त्या मोसमात बर्ड, टॉरासी, स्विन कॅश, अशा जोन्स आणि तमिका विल्यम्स या पाच जणींनी ३९ पैकी ३९ सामने जिंकले.

मग बर्डसह चौघी पदवी घेऊन बाहेर पडल्या. टॉरासी मागे उरली, बरोबर सगळ्या नवख्या पोरी. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीही कनेटिकटच राष्ट्रीय विजेता ठरलं. प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांना विचारलं की कसं काय जमलं, तर त्यांचं साधं उत्तर होतं: आमच्याकडे डायना आहे, तुमच्याकडे नाही. माझी मैत्रीण हे वाक्य देवाच्या आरतीसारखं म्हणते.

२००२ साली सिएटल स्टॉर्मने बर्डला घेतलं, सगळ्या मुलींमध्ये पहिली निवड. २००४ साली फिनिक्स मर्क्युरीने टॉरासीला घेतलं, तीही पहिली निवड. दोघींनी शेवटपर्यंत संघ बदलला नाही. म्हणून तर संघाला यांचं मोल किती हे पाहणं सोपं जातं. त्या येण्याआधीचं वर्ष आणि आल्यानंतरचं वर्ष शेजारी शेजारी ठेवायचं. सिएटलने २००१ मध्ये ३२ पैकी १० सामने जिंकले होते, बर्ड आली आणि १७ जिंकले. फिनिक्सने २००३ मध्ये ३४ पैकी फक्त आठ जिंकले होते, टॉरासी आली आणि तेही १७ झाले. इथे दोघी जवळपास सारख्याच.

पण गुण म्हणजेच सगळं, असं मानणाऱ्यांनी फिनिक्सचं २००६ साल जरूर पाहावं. त्या वर्षी टॉरासीने सामन्यामागे २५.३ गुणांची सरासरी ठेवली. एका सामन्यात, तीन वेळा जादा वेळ खेळून, एकटीने ४७ गुण केले. आणि फिनिक्स? बाद फेरीत पोचलंसुद्धा नाही! पुढच्या वर्षी तिचे गुण कमी झाले, कारण शेजारी पेनी टेलर आणि कॅपी पाँडेक्स्टर यांचीही बॅट तळपत होती (क्रिकेटची भाषा सुटत नाही बघा!), आणि संघ विजेता झाला. पुढे २००९ आणि २०१४ मध्येही फिनिक्सने विजेतेपद मिळवलं. तिकडे सिएटलने चार मिळवली, २००४, २०१०, २०१८ आणि २०२०. पहिल्या दोन वेळी बर्डचे पास घ्यायला लॉरेन जॅक्सन होती, पुढच्या दोन वेळी ब्रिआना स्टुअर्ट. घेणाऱ्या बदलल्या, देणारी तीच राहिली.

इथे थोडं पैशाचंही बोलायला हवं, कारण मोल म्हटलं की तो विषय येतोच. अमेरिकेतल्या या लीगचे पगार इतके कमी असत की उन्हाळा संपला की या दोघी परदेशी खेळायला जात. मॉस्कोच्या स्पार्टाक संघाचे मालक शब्ताई काल्मानोविच यांनी दोघींना राहायला बंगला दिला, मायदेशाच्या कित्येक पट पैसे दिले आणि त्या बदल्यात दोघींनी त्यांना युरोपच्या स्पर्धा जिंकून दिल्या. २००९ मध्ये काल्मानोविच यांचा मॉस्कोत भर रस्त्यात गोळ्या घालून खून झाला. एखाद्या रहस्यकथेत शोभावं असं हे सगळं, पण या मुलींचं ते रोजचं ऑफिस होतं. २०१५ साली टॉरासी ज्या रशियन संघाकडून खेळायची त्याने तिला चक्क पैसे मोजले ते अमेरिकेत न खेळण्यासाठी, म्हणजे तिला विश्रांती मिळावी म्हणून! तिकडे तिला वर्षाला सुमारे १५ लाख डॉलर मिळत आणि इकडे लीगचा जास्तीत जास्त पगार एक लाख सात हजारांच्या आसपास, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. तिने उन्हाळाभर आराम केला. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. पुढे २०२० मध्ये खेळाडूंच्या संघटनेने भांडून नवा करार केला आणि हा जास्तीत जास्त पगार दोन लाख १५ हजार डॉलरवर नेला, त्या संघटनेच्या उपाध्यक्षांमध्ये स्यू बर्ड होती. एकीने स्वतःची किंमत वसूल केली, दुसरीने टेबलापाशी बसून सगळ्यांची वाढवली. स्वभाव इथेही दिसतोच.

आता मी स्वतः पाहिलेल्या सामन्याबद्दल. २०१८ च्या उन्हाळ्यात मी लेकीच्या बाळंतपणासाठी सिएटलला होते. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, रात्रीची जागरणं यात दोन महिने कसे गेले कळलं नव्हतं. ४ सप्टेंबरला जावईबापू ऑफिसातून दोन तिकिटं घेऊन आले. ‘आई, तुम्ही बास्केटबॉल खेळायचात ना? आज पाचवा सामना आहे, जिंकेल तो फायनलला.’ मी म्हटलं, बाळाला टाकून कुठे जाऊ? लेक म्हणाली, ‘अगं जा गं, बाळ काही पळून जात नाही.’ गेले. की-अरिना नावाचं ते स्टेडियम गच्च भरलं होतं.

समोरासमोर सिएटल आणि फिनिक्स, म्हणजे बर्ड आणि टॉरासी. बर्ड ३७ वर्षांची, टॉरासी ३६ वर्षांची. मालिका दोन-दोन अशी बरोबरीत. चौथ्या सामन्यात बर्डचं नाक मोडलेलं, तेही स्वतःच्याच संघातल्या स्टुअर्टचं कोपर लागून. कारकिर्दीत नाक मोडण्याची तिची ही पाचवी वेळ! चेहऱ्यावर पारदर्शक मुखवटा बांधून ती उतरली. आणि टॉरासीची ख्याती अशी, की हरलो तर घरी अशा निर्णायक सामन्यांत ती तेव्हापर्यंत १३ पैकी १३ वेळा जिंकली होती. जावईबापू म्हणाले, ‘आई, अवघड आहे.’

तीन क्वार्टर मी फक्त बर्डचे पाय बघत होते. तिच्या हातात चेंडू आला की ती एक पाऊल कमी टाकायची. कमी! समोरची मुलगी वेगाने येऊन पुढे निघून जायची, आणि मग ही सावकाश आपल्या वाटेने जायची. सांगलीच्या सिमेंटवर मला आमच्या सरांनी हेच सांगितलं होतं, ‘पळू नको, थांब, पळायचं काम दुसऱ्यांना करू दे.’ सामना अटीतटीचा चालला होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये आता पास, मग पास, असं मी मनात म्हणत होते आणि ही बाई पास द्यायचीच थांबली! स्वतःच टाकायला लागली. डावीकडून, मधून, कमानीच्या बाहेरून. तिचे त्या दिवसाचे एकूण गुण २२, त्यातले १४ त्या शेवटच्या क्वार्टरमध्ये. सिएटल ९४, फिनिक्स ८४. टॉरासीचा तो अपराजित हिशेब तिथेच मोडला. मी उभी राहून ओरडत होते, शेजारची अमेरिकन आजी माझ्या गळ्यात पडली, आणि पुढे सिएटलने फायनलही जिंकली. रात्री घरी आल्यावर बाळाला तूप लावता लावता मी लेकीला सगळा सामना हातवारे करून सांगितला.

त्या रात्री मैत्रिणीला मुंबईला फोन लावला. म्हटलं, बघितलंस? पास देणारी वेळ आली तर टाकूही शकते. ती जराही विचलित झाली नाही. ‘अगं, मग तेच तर मी म्हणते. जिंकायची वेळ आली तेव्हा तिलाही टाकावंच लागलं ना!’

या मुद्द्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आणि तिने एवढ्यावर सोडलंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॉरासीने निवृत्ती जाहीर केली तेव्हा तासभर आमचं हेच भांडण चाललं होतं. त्यात मी मोठ्या शिताफीने एक डाव टाकला. म्हटलं, आपण असं करू, या दोघी नसताना त्यांच्या संघांचं काय झालं ते बघू. सून माहेरी गेली की घर कसं चालतं त्यावरून तिची किंमत कळते. बर्ड दुखापतीमुळे दोन आख्खे मोसम खेळली नाही, २०१३ आणि २०१९. नातवाने कॉम्प्युटरवर काढून दिलं. सिएटलचा हिशेब २०१३ मध्ये १७ विजय, १७ पराभव. २०१९ मध्ये बर्डच काय, स्टुअर्टही नव्हती, तरी १८ विजय, १६ पराभव आणि बाद फेरीत प्रवेश. आता फिनिक्स. २०१२ मध्ये टॉरासी दुखापतींमुळे जेमतेम आठ सामने खेळली. संघाचे विजय सात, पराभव २७. आणि २०१५, जेव्हा ती रशियाच्या पैशावर विश्रांती घेत होती, तेव्हा आदल्या वर्षीचे २९ विजय २० वर आले.

म्हणजे माझाच डाव माझ्यावर उलटला की! आकडे सरळ सांगतात की टॉरासी नसली तर फिनिक्स कोसळतं आणि बर्ड नसली तर सिएटल लंगडत का होईना चालतं.

मी वकिली केली. म्हटलं, अगं, चांगली गृहिणी चार दिवस गावाला गेली तर घर चालतं, ते तिनेच तसं लावून ठेवलेलं असतं म्हणून. २०१९ मध्ये सिएटलचा चेंडू कोण सांभाळत होतं? जॉर्डिन कॅनडा. आदलं वर्षभर बर्डच्या हाताखाली शिकलेली पोरगी. यावर फोनवरून जे हसू आलं ते इथे लिहिता येत नाही. ‘हे बरंय तुझं,’ ती म्हणाली, ‘संघ जिंकला तर तिच्यामुळे, आणि ती नसताना टिकला तरी तिच्याचमुळे!’

खरं सांगायचं तर मैत्रिणीचं म्हणणं मला पटलेलं आहे. उद्या मला रिकाम्या हाताने नवा संघ उभा करायचा असेल, आठच सामने जिंकणाऱ्या पोरी माझ्याकडे असतील, तर मी टॉरासीला घेईन. पण तिला घेतल्यावर दुसरी खुर्ची मी बर्डसाठीच ठेवीन, आणि बर्ड मिळणार नसेल तर २००६ सारखं वर्ष येईल याची तयारी ठेवीन. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाला ही निवड कधी करावीच लागली नाही, हे त्यांचं भाग्य. अथेन्स २००४, बीजिंग २००८, लंडन २०१२, रिओ २०१६ आणि कोरोनामुळे २०२१ मध्ये झालेलं टोकियो, पाचही वेळा दोघी बरोबर आणि पाचही वेळा सोनं. त्यांच्याआधी पुरुषांत किंवा बायकांत कुणाही बास्केटबॉलपटूला पाच सुवर्णपदकं मिळाली नव्हती. टोकियोला बर्ड ४० वर्षांची होती आणि टॉरासी ३९ वर्षांची. आपल्याकडे या वयात बायकांना कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतात.

त्याच २०२१ च्या ऑक्टोबरमधली एक गोष्ट सांगायलाच हवी. टॉरासी तेव्हा फिनिक्सकडून लास व्हेगासला उपांत्य फेरीचा निर्णायक सामना खेळत होती आणि घरी तिची जोडीदार पेनी टेलर, हो, तीच २००७ च्या संघातली, दिवस भरून बसलेली होती. फिनिक्सने सामना तीन गुणांनी जिंकला. टॉरासीने टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोरच पेनीला सांगितलं की जरा धीर धर, मी निघाले. रातोरात ती पोचली आणि पहाटे मुलीचा जन्म झाला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ही फायनलचा पहिला सामना खेळायला हजर! ती फायनल मात्र फिनिक्स हरलं. लेकीच्या बाळंतपणात पंधरा दिवसांची रजा मिळाली म्हणून आमच्या जावईबापूंचं कौतुक सगळ्या नातेवाइकांत झालं होतं, त्याची आठवण झाली.

बर्ड २०२२ मध्ये थांबली. टॉरासी आणखी दोन मोसम खेळली. ऑगस्ट २०२३ मध्ये, ४१ व्या वर्षी, एका सामन्यात ४२ गुण करून तिने दहा हजारांचा टप्पा ओलांडला, लीगमध्ये पहिलीच. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला बर्ड नव्हती आणि टॉरासीच्या पायांतही पूर्वीची ताकद उरली नव्हती. फ्रान्सविरुद्धची फायनल अमेरिकेने ६७-६६ अशी, फक्त एका गुणाने जिंकली. टॉरासी त्या सामन्यात एक मिनिटही मैदानावर उतरली नाही. बाकावर बसून टॉवेल हलवत होती, उठून उठून पोरींना ओरडून सांगत होती. सहावं सोनं तिला असं मिळालं. तिच्या त्या चाळीस मिनिटांना कुठल्या रकान्यात टाकायचं, असं मी मैत्रिणीला विचारलं. ती पहिल्यांदाच जरा वेळ गप्प बसली.

ऑगस्ट २०२५ मध्ये सिएटलच्या त्याच स्टेडियमबाहेर (आता नव्याने बांधलंय, नावही बदललंय) स्यू बर्डचा ब्राँझचा पुतळा बसवला. डब्ल्यूएनबीएच्या संघाने आपल्या खेळाडूचा पुतळा उभारण्याची ही पहिलीच वेळ. लेकीने फोटो पाठवला. पुतळ्यापुढे माझी सात वर्षांची नात एक हात वर करून उभी, आणि मागे बर्ड. मी चष्मा पुसून फोटो मोठा करून पाहिला. ३,२३४ असिस्ट देणारी बाई, आणि पुतळ्यात ती पास देत नाहीये, ले-अप टाकतेय. नजर वर बास्केटकडे, चेंडू तिच्याच हातात.

मैत्रिणीला तो फोटो मी अजून पाठवलेला नाही.